निळ्या लेझरचं भांडण

१९ फेब्रुवारी २००२ रोजी सोनी, मात्सुशिता, फिलिप्स, सॅमसंग अशा नऊ कंपन्यांनी मिळून 'ब्लू-रे' नावाची नवी डिस्क जाहीर केली. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबानं तिची प्रतिस्पर्धी 'एचडी डीव्हीडी' बंद करत असल्याचं जाहीर केलं. बरोबर सहा वर्षं. यातली शेवटची दोन वर्षं अशी होती की अमेरिका-जपानातल्या एखाद्या पगारदार माणसाला घरी नीट सिनेमा बघायचा असेल, तर आधी एका पक्षात सामील व्हावं लागायचं. आणि पक्ष हरला तर हजार-दीड हजार डॉलर पाण्यात!

आता तुम्ही म्हणाल, ओटीटीच्या जमान्यात हे कशाला उकरायचं? तर मंडळी, आजही टीव्ही आणि साउंड सिस्टीम घेताना आपण तशीच स्पेसिफिकेशनची टेबलं मांडून बसतो, रिव्ह्यू वाचतो, ऑफिसात लंच टेबलवर वाद घालतो. आणि या भांडणाचा निकाल त्या टेबलांच्या बाहेर लागला होता. तो कसा लागला हे बघण्यासारखं आहे.

आधी मुळात गरज काय होती ते बघू. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी व्हीसीडीवर सिनेमे पाहिलेत. एका सिनेमाच्या दोन-तीन सीडी, आणि ऐन क्लायमॅक्सला उठून डिस्क बदलायची. त्या व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे साधारण एक लाख पिक्सेल. डीव्हीडी ७२० बाय ५७६, म्हणजे चार लाखांच्या थोडं वर. आणि हाय डेफिनिशन १९२० बाय १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. डीव्हीडीच्या पाचपट, व्हीसीडीच्या वीसपट. हे सगळं डीव्हीडीच्या ४.७ किंवा दोन थरांच्या ८.५ जीबीमध्ये कोंबणं अवघड होतं. नवी डिस्क लागणार हे सगळ्यांना दिसत होतं. प्रश्न एवढाच होता की ती कुणाची.

गंमत म्हणजे हेच भांडण आधी एकदा टळलं होतं. १९९५ मध्ये डीव्हीडीच्या वेळीही दोन गट होते: एकीकडे सोनी आणि फिलिप्स, दुसरीकडे तोशिबा, टाइम वॉर्नर आणि मंडळी. तेव्हा कॉम्प्युटर कंपन्यांनी ठणकावून सांगितलं की दोन फॉरमॅट आणलेत तर आम्ही एकही घेणार नाही. आयबीएमचे प्रमुख लू गर्स्टनर यांनी मध्यस्थी केली आणि तडजोड झाली. ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या चिकटवायच्या ही कल्पना तोशिबाच्या गटाची, आणि डेटा लिहिण्याची कोडिंग पद्धत सोनी-फिलिप्सची. त्या कोडिंगमुळे क्षमता ५ जीबीवरून ४.७ वर आली. आपण वर्षानुवर्षं ४.७ हा विचित्र आकडा पाठ म्हणत आलो, तो म्हणजे त्या तहातली एक अट आहे. :)

या तहामुळे डीव्हीडी प्रचंड चालली. मग दहा वर्षांनी शहाणपण कुठे गेलं? त्यासाठी थोडं फिजिक्स बघावं लागेल. घाबरू नका, बारावीच्या वर जाणार नाही.

ऑप्टिकल डिस्क वाचणं म्हणजे लेझरचा एक बारीक ठिपका फिरत्या डिस्कवर धरणं. ठिपका जितका बारीक तितका जास्त डेटा बसणार. ठिपक्याचा आकार ठरतो लेझरची तरंगलांबी भागिले लेन्सचं न्युमरिकल अपर्चर, म्हणजे लेन्स प्रकाश किती तीव्र कोनातून एकत्र आणते ते. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा लाल. त्याहून खाली जायचं तर निळा-जांभळा लेझर हवा, आणि तो अनेक वर्षं कुणाला जमतच नव्हता.

तो जमवला जपानच्या निचिया नावाच्या कंपनीतल्या शुजी नाकामुरा यांनी. १९९३ मध्ये चकचकीत निळा एलईडी आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत निळा लेझर. त्या एलईडीच्या पेटंटबद्दल कंपनीनं त्यांना बोनस दिला होता २०,००० येन! पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. २०१४ मध्ये अकासाकी आणि आमानो यांच्याबरोबर नाकामुरांना नोबेलही मिळालं. अप्रेझलच्या दिवशी आठवून बरं वाटावं अशी ही एक गोष्ट. असो.

तर ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या दोन्हींचा लेझर एकच होता, ४०५ नॅनोमीटरचा. फरक लेन्समध्ये. डीव्हीडीचं अपर्चर ०.६०, एचडी डीव्हीडीचं ०.६५ आणि ब्लू-रेचं ०.८५. आता हा छोटा हिशोब करून बघा. ४०५ ला ०.६५ नं भागलं की ६२३ येतात, ०.८५ नं भागलं की ४७६. त्यांच्या गुणोत्तराचा वर्ग साधारण १.७. आणि एका थराची प्रत्यक्ष क्षमता? एचडी डीव्हीडी १५ जीबी, ब्लू-रे २५ जीबी, गुणोत्तर १.६७. सगळं भांडण या एका भागाकारात मावतं.

मग तोशिबानंही ०.८५ ची लेन्स का घेतली नाही? कारण एवढ्या तीव्र लेन्सला डिस्क जराशी तिरकी झालेली चालत नाही. चूक आटोक्यात ठेवायची तर डेटाचा थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ आणावा लागतो. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटर खोल असतो, ब्लू-रेत फक्त ०.१ मिलिमीटर. म्हणजे साधा ओरखडासुद्धा डेटापर्यंत पोचणार. सुरुवातीच्या ब्लू-रे डिस्क यासाठी प्लॅस्टिकच्या कव्हरात बंद करून विकायच्या. पुढे टीडीकेनं कडक लेप काढला तेव्हा ते कव्हर गेलं. पण ०.१ मिलिमीटरसाठी कारखान्यात नवी मशिनरी लागणारच होती. तोशिबाचं म्हणणं असं की ०.६ मिलिमीटर तसंच ठेवा, डीव्हीडीच्याच लाइनवर थोडे बदल करून नवी डिस्क निघेल, स्वस्तात निघेल.

ओळखीचं वाटतंय ना? जुन्या कोडबेसवर पॅच मारून पुढच्या महिन्यात रिलीज करायचं की सगळं नव्यानं लिहायचं? प्रत्येक टीममध्ये हा वाद होतो, आणि दोन्ही बाजूंना पटण्यासारखी कारणं असतात. वर दोन्हीकडे पेटंटच्या रॉयल्टीचा प्रश्न. डीव्हीडीत तोशिबाचा वाटा मोठा होता आणि सोनीला पुढच्या डिस्कमध्ये तसा वाटा हवा होता. २००५ मध्ये दोघं बोलायला बसले, पण ०.१ आणि ०.६ यांच्या मधला आकडा कुणाला सापडला नाही. मेनूच्या सॉफ्टवेअरवरही दोन तट पडले: ब्लू-रेनं जावा घेतली, एचडी डीव्हीडीनं मायक्रोसॉफ्टची एचडीआय. यावेळी मध्ये पडायला गर्स्टनर नव्हते.

एप्रिल २००६ मध्ये तोशिबाचा एचडी-ए१ हा प्लेअर अमेरिकेत ४९९ डॉलरला आला. हा प्लेअर म्हणजे खरं तर एक पीसीच होता. आत पेंटियम ४ आणि लिनक्स. बटण दाबल्यावर बूट व्हायला एवढा वेळ घ्यायचा की तोवर चहा गाळून व्हावा. पण चित्र सुंदर. दोन महिन्यांनी सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर आला ९९९ डॉलरला. दुप्पट किंमत, आणि त्यावरचे सुरुवातीचे बरेच सिनेमे एका थराच्या २५ जीबी डिस्कवर, जुन्या एमपेग-२ कोडेकमध्ये. तिकडे एचडी डीव्हीडीवर ३० जीबी आणि नवा व्हीसी-१ कोडेक. म्हणजे कागदावर ५० जीबीवाला फॉरमॅट प्रत्यक्षात मागे पडत होता.

एवढंच नाही. एचडी डीव्हीडीच्या प्रत्येक प्लेअरला पहिल्या दिवसापासून नेटवर्क पोर्ट सक्तीचं होतं. ब्लू-रेनं मात्र आधी प्रोफाइल १.०, मग १.१, मग २.० असे टप्पे काढले. सुरुवातीचे प्लेअर घेणाऱ्यांना नंतरच्या डिस्कवरचे काही फीचर्स चाललेच नाहीत. आणि आपल्याला जवळचा मुद्दा म्हणजे रीजन कोड. एचडी डीव्हीडीला रीजन कोड नव्हताच. ब्लू-रेनं जग ए, बी, सी असं वाटलं. अमेरिका-जपान ए मध्ये, युरोप बी मध्ये, भारत सी मध्ये. म्हणजे ऑनसाइटवरून हौसेनं आणलेला प्लेअर इथल्या रीजन लावलेल्या डिस्कला सरळ नाही म्हणू शकत होता. सगळेच स्टुडिओ रीजन लावत नव्हते, पण डिस्क घेताना धाकधूक असायचीच.

थोडक्यात, २००६ च्या अखेरीस एखादा सरळ विचार करणारा इंजिनिअर टेबल मांडून बसला असता तर किंमत, चित्र, पूर्ण झालेलं स्पेसिफिकेशन, रीजन हे सगळे रकाने एचडी डीव्हीडीच्या बाजूनं भरले असते. क्षमतेचा एक रकाना ब्लू-रेचा.

आणि त्याला फक्त प्लेअर निवडून भागत नव्हतं. बाकीची साखळीही निवडायची होती, आणि साखळी तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढीच पक्की. टीव्हीवर 'एचडी रेडी'चं स्टिकर असायचं. हे युरोपातल्या उद्योगसंघटनेनं २००५ मध्ये काढलेलं लेबल, आणि त्याची अट फक्त ७२० ओळींची होती. तेव्हाचे बरेच सपाट टीव्ही १३६६ बाय ७६८ चे होते, म्हणजे डिस्कवरच्या वीस लाख पिक्सेलपैकी साडेदहा लाखच दिसणार. मग एचडीएमआयची भानगड. जून २००६ मध्ये १.३ हे व्हर्जन आलं, त्यातून डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी हे लॉसलेस आवाज जसेच्या तसे अँप्लिफायरपर्यंत नेता येऊ लागले. जुन्या ऑप्टिकल केबलमधून ते जातच नाहीत. पण प्लेअरनं आतच डीकोड करून साधा पीसीएम पाठवला तर आधीचं एचडीएमआयही चालायचं. हे दुकानदाराला माहीत असेलच असं नाही.

पडदा किती मोठा घ्यावा याचं गणित मात्र कुठल्याही ब्रँडवर अवलंबून नव्हतं. चांगल्या डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा दिसतो. तेवढं धरून हिशोब केला तर ४० इंची टीव्हीवर १०८० ओळींचा पूर्ण फायदा साधारण सव्वापाच फुटांच्या आत बसलं तर मिळतो, ७६८ वाल्याचा सव्वासात फुटांच्या आत. हॉलमध्ये सोफा भिंतीला लावून दहा फुटांवरून बघणाऱ्याला 'फुल एचडी'चा प्रत्येक पिक्सेल दिसायला ७७ इंची पडदा लागेल! त्या काळात कितीतरी लोकांनी ४० इंची फुल एचडी घेतला आणि दहा फुटांवर बसून फरक शोधत राहिले. डीव्हीडीपेक्षा चित्र उघडच चांगलं होतं, पण जास्तीचे पैसे ज्यासाठी मोजले ते दिसत नव्हतं.

एक बारीक पण खरा फायदा दोन्ही डिस्कनी दिला. सिनेमा शूट होतो सेकंदाला २४ फ्रेम. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणून पाल डीव्हीडीवर सिनेमा सर्रास ४ टक्के वेगानं पळवायचे. दीडशे मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपायचा, आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर गाणी किंचित चढ्या सुरात. नव्या डिस्कवर सिनेमा त्याच्या मूळ २४ फ्रेमनी साठवला होता.

आता निकालाकडे. नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीनं प्लेस्टेशन ३ आणलं, आणि प्रत्येक यंत्रात ब्लू-रे ड्राइव्ह होता. ४९९ डॉलरच्या मॉडेलचा उत्पादन खर्च आयसप्लाय या संस्थेनं आठशे डॉलरच्या वर काढला होता. म्हणजे सोनी तोटा सोसून गेम खेळणाऱ्या पोरांच्या घरात सिनेमाचा प्लेअर पोचवत होती. वर त्याचं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून अपडेट व्हायचं. २०१० मध्ये त्याच जुन्या यंत्रावर थ्रीडी ब्लू-रेसुद्धा चालायला लागली. मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स ३६० साठी एचडी डीव्हीडी ड्राइव्ह काढला, पण तो वेगळा, १९९ डॉलरचा. वेगळा घ्यावा लागतो तो बहुतेक जण घेत नाहीत.

दुसरी बाजू स्टुडिओंची. बीटामॅक्स हरल्यापासून सोनी एक धडा शिकली होती की यंत्राआधी सिनेमे हातात पाहिजेत. १९८९ मध्ये तिनं कोलंबिया पिक्चर्स विकत घेतलं होतंच. डिस्ने आणि फॉक्स ब्लू-रेकडे आले. युनिव्हर्सल एकटं एचडी डीव्हीडीकडे. वॉर्नर आणि पॅरामाउंट दोन्ही डगरींवर पाय ठेवून. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन अचानक एचडी डीव्हीडीच्या बाजूला गेले. त्यासाठी त्यांना मिळून सुमारे १५ कोटी डॉलरचे आर्थिक फायदे मिळाल्याचं न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं. नोव्हेंबरमध्ये वॉलमार्टनं तोशिबाचा एचडी-ए२ विकला ९८ डॉलर ८७ सेंटला. दीड वर्षात ४९९ वरून शंभराच्या आत! लोकांनी रांगा लावल्या. एचडी डीव्हीडी जिंकतेय असं कुणालाही वाटलं असतं.

४ जानेवारी २००८, शुक्रवार. लास वेगासच्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनाच्या तोंडावर वॉर्नरनं जाहीर केलं की यापुढे फक्त ब्लू-रे. एचडी डीव्हीडी गटानं तिथली आपली पत्रकार परिषदच रद्द केली. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि वॉलमार्ट एकामागून एक बाहेर पडले. १९ तारखेला तोशिबाचे अध्यक्ष आत्सुतोशी निशिदा यांनी शेवट जाहीर केला. वॉर्नरच्या एका निवेदनापासून शेवटापर्यंत सहा आठवडे. दरम्यान लेन्स, थर, कोडेक, काहीही बदललं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये वॉलमार्टसमोर रांगेत उभा असलेला माणूस अजून प्लेअरचं मॅन्युअल वाचत असेल.

या माणसाचं नुकसान नक्की किती झालं? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्लेअर डीव्हीडी उत्तम चालवायचा, त्यामुळे तो अगदीच फुकट गेला नाही. बेस्ट बायनं ज्यांनी एचडी डीव्हीडी प्लेअर घेतला होता त्यांना ५० डॉलरची गिफ्ट कार्डं दिली. घेतलेल्या डिस्क मात्र अडकल्या. पण त्याचे स्पीकर? ते या भांडणात कधीच नव्हते. टीव्ही? त्याला एचडीएमआयच्या पलीकडे काय लावलंय याच्याशी देणंघेणं नव्हतं. ज्यानं बजेटचा मोठा भाग स्पीकर आणि पडद्यावर घातला आणि प्लेअर स्वस्तातला घेतला, तो हरलेल्या पक्षात असूनही जवळजवळ न हरता बाहेर पडला. ज्यानं उलटं केलं तो बुडाला. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस पक्का असला की अलीकडचं-पलीकडचं काही बदललं तरी सिस्टीम उभी राहते.

आपल्या देशात ही लढाई लांबूनच ऐकू आली. २००७ मध्ये मोझर बेअरनं ३४ रुपयांना डीव्हीडी आणि २८ रुपयांना व्हीसीडी विकायला सुरुवात केली होती. ३४ रुपयांत आख्खा सिनेमा मिळत असताना हजार-दीड हजारांची ब्लू-रे कोण घेणार? बहुतेक घरं डीव्हीडीवरून पेन ड्राइव्हवर आणि तिथून थेट मोबाइल डेटावर गेली. मोझर बेअर स्वतःही टिकली नाही, २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

आणि विजेत्याचं काय झालं? तोशिबानं २००९ मध्ये मुकाट्यानं ब्लू-रे प्लेअर काढला. पण नेटफ्लिक्सनं स्ट्रीमिंग सुरू केलं होतं जानेवारी २००७ मध्ये, म्हणजे लढाई ऐन भरात असताना. ब्लू-रे कधीच डीव्हीडीएवढी घराघरांत पोचली नाही. २०१९ मध्ये सॅमसंगनं नवे प्लेअर काढणं थांबवलं, २०२४ मध्ये बेस्ट बायनं सिनेमाच्या डिस्क विकणं सोडलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीनं कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन बंद केलं.

तरी चित्र-आवाजाच्या दर्जात ती डिस्क आजही पुढे आहे. ब्लू-रेचं चित्र सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जाऊ शकतं, आणि नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरे म्हणतं. नवे कोडेक हुशार आहेत, पण अंधारातले सीन आणि पाऊस बघा, फरक कळतो. शिवाय घरातली डिस्क कुणाचा करार संपला म्हणून कपाटातून नाहीशी होत नाही.

आज टीव्ही घ्यायला गेलात की डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ असे दोन पक्ष पुन्हा समोर उभे राहतात. सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन घेत नाहीत. कुठला चांगला यावर लंच टेबलवर भरपूर वाद होतील, होऊ द्यात. फक्त पैसे लावताना एवढं विचारा: ही वस्तू चालू राहणं कुणाच्या करारावर अवलंबून आहे? ज्याचं उत्तर 'कुणाच्याच नाही' असं येईल, म्हणजे स्पीकर, चांगला पडदा, खोलीतला अंधार आणि सोफ्याची जागा, तिथे सढळ हात ठेवा. बाकी सगळं स्वस्तातलं घ्या, बदलायची वेळ येणारच आहे. आणि सोफा पुढे ओढायला तर काहीच खर्च नाही. :)